घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या विकायच्या, तर अमेरिकेत परवाना लागतो का?

अमेरिकेतल्या एखाद्या घराचं गॅरेज, छोट्या भट्टीत वितळलेलं शिसं, हातातला साचा आणि त्यातून टपाटप पडणाऱ्या चकचकीत गोळ्या. असे व्हिडिओ सोशल मीडियावर सहज दिसतात. ते पाहताना एक प्रश्न पडतोच: हे घरबसल्या करून विकणं कायदेशीर आहे का?

थोडक्यात उत्तर असं. स्वतःच्या बंदुकीसाठी गोळ्या ओतायला अमेरिकेत केंद्रीय परवाना लागत नाही. पण विक्रीतून कमाई करण्यासाठी त्या नियमितपणे ओतल्या, तर परवाना लागतो. तो नसताना जाणूनबुजून धंदा केला, तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. छंद कुठे संपतो आणि धंदा कुठे सुरू होतो, हे त्यामुळेच समजून घ्यायला हवं.

'गोळी' आणि 'काडतूस' यांत फरक काय?

आपण सर्रास 'बंदुकीत गोळी भरली' म्हणतो. प्रत्यक्षात भरलं जातं ते काडतूस. त्याचे चार भाग असतात: धातूची पुंगळी, ठिणगी पाडणारा प्रायमर, दारू आणि टोकाला बसवलेली गोळी. व्हिडिओत ओतली जाते ती फक्त ही शेवटची वस्तू. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हे काम घरगुती साधनांवर होतं. गोळी कडक व्हावी म्हणून शिशात कथील आणि अँटिमनी मिसळतात.

नुसती गोळी पेटत नाही, फुटत नाही. त्यामुळे 'हा तर शिशाचा तुकडा, याला कसला परवाना?' असं अनेकांना वाटतं. गफलत इथेच होते. अमेरिकेच्या १९६८ च्या 'गन कंट्रोल ॲक्ट'मध्ये दारूगोळ्याची व्याख्या व्यापक आहे. तयार काडतुसांसोबत बंदुकीसाठी बनवलेल्या पुंगळ्या, प्रायमर, दारू आणि सुट्या गोळ्या हे सगळं त्यात येतं. म्हणजे केंद्रीय कायद्याच्या नजरेत सुटी ओतीव गोळी हाही दारूगोळाच.

दुकानदाराला परवाना नाही, बनवणाऱ्याला आहे

१९६८ च्या कायद्याने दारूगोळा विकणाऱ्या दुकानदारांनाही परवाना सक्तीचा केला होता. १९८६ मध्ये 'फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट' आला आणि ही सक्ती गेली. किरकोळ विक्रीच्या नोंदींचा गुन्ह्यांच्या तपासाला फारसा उपयोग होत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. बनवणाऱ्यांवरची आणि आयात करणाऱ्यांवरची सक्ती मात्र कायम राहिली.

परिणाम गमतीशीर आहे. कारखान्यातल्या गोळ्यांची खोकी आणून विकणाऱ्या दुकानदाराला केंद्रीय परवाना लागत नाही. तशाच गोळ्या गॅरेजमध्ये ओतून विकण्याचा धंदा करणाऱ्याला लागतो. म्हणून 'दुकानं तर बिनपरवाना विकतात, मग मी का नाही?' हा युक्तिवाद टिकत नाही.

किती विकल्या म्हणजे धंदा?

कायद्यात आकडा नाही. शंभर गोळ्यांपर्यंत चालेल, हजारावर परवाना, अशी कोणतीही मर्यादा दिलेली नाही. उपजीविका आणि नफा हा मुख्य हेतू ठेवून, नियमित व्यवसाय म्हणून वेळ, लक्ष आणि श्रम देऊन दारूगोळा बनवणारी व्यक्ती म्हणजे 'धंदा करणारी', अशी व्याख्या आहे. २०२२ मध्ये बंदुका विकणाऱ्यांसाठीची अशीच व्याख्या आणखी कडक झाली. दारूगोळा बनवणाऱ्यांची व्याख्या मात्र तशीच राहिली.

म्हणजे मित्राला मूठभर गोळ्या देणं वेगळं आणि दरपत्रक लावून दर आठवड्याला ऑर्डर घेणं वेगळं. मधली जागा धूसर आहे. तिथे प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर निर्णय होतो.

हा नियम कागदावरचा नाही, हे लास व्हेगासच्या प्रकरणात दिसलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या संगीत महोत्सवावर झालेल्या गोळीबारानंतर हल्लेखोराच्या खोलीत न झाडलेली काडतुसं सापडली. त्यांवर एका विक्रेत्याच्या बोटांचे ठसे आढळले. हत्याकांडात सहभागी असल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला नाही. आरोप होता तो परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याचा धंदा केल्याचा. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये त्याला १३ महिन्यांची शिक्षा झाली.

परवाना महाग आहे का?

अजिबात नाही. बंदुकांशी संबंधित परवाने देणारी केंद्रीय यंत्रणा म्हणजे एटीएफ. तिचा 'टाइप ०६' परवाना दारूगोळा बनवणाऱ्यांसाठी असतो. शुल्क तीन वर्षांसाठी ३० डॉलर. अर्जदाराचं वय किमान २१ हवं, बंदूक बाळगण्यास कायद्याने बंदी असलेल्यांपैकी तो नसावा, व्यवसायाची ठरावीक जागा हवी आणि स्थानिक पोलीस प्रमुखांना अर्जाची माहिती द्यावी लागते. या परवान्यावर बंदुका विकता येत नाहीत.

खरी अडचण अनेकदा जागेची असते. त्या जागी असा व्यवसाय करायला राज्याची किंवा स्थानिक कायद्याची मनाई नाही, असं अर्जदाराला लिहून द्यावं लागतं. निवासी भागात गावाचे नियमच आडवे येऊ शकतात.

परवान्यासोबत बंधनंही येतात. १८ वर्षांखालच्या कोणालाही दारूगोळा विकता येत नाही, आणि हँडगनसाठीचा असेल तर ही अट २१ वर्षांची आहे. तयार काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय उत्पादन शुल्क आहे, सुट्या गोळ्यांवर नाही.

राज्यं बदलली की व्याख्याही बदलते

कॅलिफोर्नियात २०१८ पासून दारूगोळा विकायलाही राज्याचा परवाना लागतो. पण तिथल्या विक्रीच्या नियमांत 'दारूगोळा' म्हणजे भरलेलं काडतूस, नुसती गोळी नव्हे. त्याच राज्यात ज्यांना दारूगोळा बाळगायला बंदी आहे, त्यांच्यासाठी मात्र सुटी गोळीही त्याच शब्दात मोडते. शिवाय १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा वापरता येत नाही. मेलेल्या जनावरातलं शिसं पोटात जाऊन कॉन्डॉर गिधाडं मरत होती, हे त्यामागचं एक मोठं कारण.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी काय लक्षात ठेवावं?

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं, असे काही अपवाद आहेत. आता वरची व्याख्या आठवा: सुटी गोळीही दारूगोळाच. म्हणजे इथे प्रश्न विकण्यापर्यंत पोहोचतच नाही. व्हिडिओ पाहून हौसेने ओतलेल्या गोळ्या नुसत्या घरात ठेवणंही महागात पडू शकतं. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची बंदी लागू नाही.

आणि भारतात?

भारतात छंद म्हणून सूट शोधू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला आणि विकायला, दोन्हींना परवाना लागतो. इथल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मिती आणि विक्रीसाठी किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

थोडक्यात, तो व्हिडिओ ज्या देशात बनला, तिथेही तो माणूस गोळ्या विकतो की नाही, कुठल्या राज्यात राहतो आणि त्याचं नागरिकत्व काय, यावर कायदा बदलतो. व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त शिसं आणि साचा.