उपचार संपल्यावर संध्याकाळी जायचे कुठे?

दरवर्षी 26 जूनला, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनी, वृत्तकक्षात पत्रकांचा पाऊस पडतो. फेऱ्या निघतात, शपथा घेतल्या जातात, पथनाट्ये होतात आणि छायाचित्रांत फलक धरलेली शाळकरी मुले उन्हात डोळे मिचकावत उभी असतात. ही पत्रके संक्षिप्त करून पानावर बसवण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्यांना (प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक) काही वर्षांनी एक गोष्ट खटकू लागते. ही सारी पत्रके व्यसन न जडलेल्यांना उद्देशून असतात. ज्याला ते जडले, ज्याने उपचार घेतले आणि जो गेल्याच महिन्यात आपल्या वाड्यावर परतला, त्याच्यासाठी त्यांत एक ओळही नसते.

दारू अचानक थांबवली की शरीर जो विरोध करते, हात थरथरतात, झोप उडते, क्वचित भ्रम होतात, तो टप्पा औषधांच्या आधाराने साधारण आठ-दहा दिवसांत पार पडतो. त्यानंतर पुनर्वसन केंद्रातील मुक्काम महिन्या-दीड महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा असतो. तेथे दिवस आखलेला असतो : पहाटे उठणे, व्यायाम, गटचर्चा, समुपदेशन, ठरल्या वेळी जेवण. मग एके दिवशी दार उघडते आणि माणूस घरी येतो. घरी सकाळ कशीबशी जाते, दुपार झोपेत जाते. प्रश्न उभा राहतो तो संध्याकाळी सहा वाजता.

गोव्यातील तावेर्न ही केवळ दारूची जागा नव्हे, हे येथे वाढलेल्याला सांगावे लागत नाही. गवंड्याला उद्याचे काम तेथे कळते, फुटबॉलच्या सामन्याचा निकाल तेथे लागतो, पंचायतीच्या निवडणुकीची गणिते तेथे मांडली जातात, उसनवारी तेथेच होते. ज्याने दारू सोडली, त्याने नकळत हे सारेच सोडलेले असते. त्याला आपण ‘तिकडे फिरकू नकोस’ असे बजावतो आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानतो. कुठे फिरकावे, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. देवळाच्या पायरीवर रोज तीन तास बसणारा माणूस आठवड्याभरात वाड्याच्या चर्चेचा विषय होतो. घरात बसला तर बायकोच्या नजरेतील संशय आणि आईच्या नजरेतील भीती यांमध्ये सापडतो.

या प्रश्नाचा आकार लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) गोव्यातील 15 वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 37 टक्के मद्य घेत असल्याचे आढळले. देशाची सरासरी 19 टक्क्यांच्या आत आहे. घेणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो, हे खरेच. परंतु केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतील एक आकडा अधिक बोलका आहे. मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी केवळ एकाला कोणती ना कोणती मदत मिळाल्याचे तीत दिसले, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर 180 जणांत एक. म्हणजे जो केंद्रात जाऊन परत आला, तो आधीच फार दुर्मीळ माणूस आहे. तो पुन्हा घसरला, तर घरच्यांचे कर्ज, डॉक्टरांचे श्रम आणि सरकारचे अनुदान एकाच वेळी वाया जाते.

अशा माणसासाठी संध्याकाळची एक जागा असावी, ही कल्पना नवी नाही. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झाली. तिची सभा तास-दीड तास चालते. उरलेल्या वेळाचे काय, हा प्रश्न पहिल्या पिढीलाही पडला होता. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या 24व्या रस्त्यावर एका लहानशा जुन्या इमारतीत पहिले ‘क्लबहाऊस’ उभे राहिले. चळवळीचे एक संस्थापक आणि त्यांच्या पत्नी यांचे स्वतःचे घर त्या सुमारास हातचे गेले होते. तेही काही काळ याच क्लबच्या माडीवरील खोलीत राहिले. पुढे अमेरिकेच्या शहराशहरांत अशी घरे निघाली. कॉफीचे भांडे, पत्त्यांचे टेबल, जुनी सोफासेटे, भिंतीवर सभांचे वेळापत्रक, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे दार. पूर्वनियोजित वेळ न घेता कुणीही यावे, बसावे, बोलावेसे वाटले तर बोलावे.

यातला व्यवहाराचा भाग मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. घर म्हटले की भाडे आले, भाडे म्हटले की वर्गणी आली, आणि वर्गणी आली की भांडण आले. पहिल्या दशकातच या अनुभवाने चळवळ शहाणी झाली. 1950 मध्ये स्वीकारलेल्या तिच्या बारा परंपरांपैकी सहावी परंपरा सांगते की, गटाने कोणत्याही बाहेरच्या उपक्रमाला आपले नाव वा पैसा देऊ नये. सातवी सांगते की, बाहेरून देणग्या न घेता आपला खर्च आपणच भागवावा. त्यामुळे क्लब ही कायद्याने वेगळी संस्था असते. ती घरमालक, आणि सभा घेणारा गट तिचा भाडेकरू. उद्या क्लबच्या विश्वस्तांत वाद झाला, इमारत विकली गेली, तरी सभा दुसऱ्या खोलीत चालू राहते. आपल्याकडे संस्था आणि तिची वास्तू यांत फरक करण्याची सवय नाही. कार्यालयाच्या किल्लीवरून फुटलेली मंडळे प्रत्येक तालुक्यात सापडतील. म्हणून ही साधी वाटणी मला त्या चळवळीच्या तत्त्वज्ञानापेक्षाही मोलाची वाटते.

याच नावाची दुसरी एक परंपरा आहे आणि तिची गल्लत होऊ नये. न्यूयॉर्कमधील एका सरकारी मनोरुग्णालयातून सुटलेल्या काही जणांनी 1940च्या दशकात एकमेकांना भेटत राहण्याचे ठरवले. 1948 मध्ये त्यांच्यासाठी जे घर मिळाले, त्याच्या मागच्या अंगणात कारंजे होते. त्यावरून त्याला ‘फाउंटन हाऊस’ हे नाव पडले. ही चळवळ गंभीर मानसिक आजार असलेल्यांची आहे, व्यसनमुक्तांची नव्हे. परंतु तिचा एक नियम दोन्हीकडे लागू पडतो. तेथे येणारा ‘रुग्ण’ नसतो, ‘सदस्य’ असतो. स्वयंपाक, हिशेब, दूरध्वनी उचलणे ही कामे सदस्य आणि कर्मचारी मिळून करतात. ज्या माणसावर घरात पाच रुपयांचाही विश्वास ठेवला जात नाही, त्याच्या हाती कपाटाची किल्ली देणे हाही उपचाराचाच भाग, असे तेथे मानले जाते.

गोव्याला अधिक जवळचा वाटेल असा नमुना मात्र युरोपातला आहे. व्लादिमीर हुडोलिन या मनोविकारतज्ज्ञांनी 1964 मध्ये झाग्रेब येथे उपचार घेतलेल्या मद्यपींचा पहिला क्लब सुरू केला. 1979 पासून ही पद्धत इटलीत पोहोचली आणि तेथे असे शेकडो क्लब उभे राहिले. हुडोलिन यांच्या क्लबचा सदस्य एकटा माणूस नसतो, त्याचे कुटुंब असते. आठवड्यातून एकदा नवरा, बायको, मुले, म्हातारे आईवडील एका वर्तुळात बसतात. बारा कुटुंबांपर्यंत क्लब वाढू द्यायचा आणि तेरावे आले की त्याचे दोन क्लब करायचे, हा त्यांचा दंडक. त्यामुळे मोठी वास्तू लागत नाही, मोठा नेता तयार होत नाही आणि गावातील एखादी खोली पुरते. ज्या समाजात माणूस एकटा पीत असला, तरी त्याची लाज सगळे घर वाहते, तेथे एकट्याला बोलावणाऱ्या सभेपेक्षा घराला बोलावणारी सभा अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

मराठी वाचकाला या संदर्भात मुक्तांगण आठवेल. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात सुरू केलेल्या या केंद्राने पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला. पिणाऱ्याच्या बायकोलाही स्वतःचे दुःख आहे आणि ते बोलायला तिला स्वतंत्र जागा हवी, हे त्यामागचे सूत्र होते. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये स्थापलेल्या कृपा फाउंडेशनचे काम गोव्यातही पोहोचले आहे. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संस्थेने तमिळनाडूतील मंजक्कुडी या खेड्यात गावातच उपचार शिबिरे घेतली. रुग्णाला शहरात न नेता उपचार गावात आणले, तर त्याच्या बरे होण्याला शेजारीपाजारी साक्षी राहतात आणि पुढे पाठराखणही करतात, हा तेथला अनुभव.

हे सारे परिणामकारक ठरते का? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा विचार केला गेला. परस्पर-मदतीच्या गटांशी पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांपैकी 42 टक्के लोक वर्षाअखेरीस मद्यापासून पूर्ण दूर होते. इतर प्रस्थापित उपचारांत हे प्रमाण 35 टक्के होते. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खर्च पाहता दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. हे आकडे सभांचे आहेत. सभेभोवतीच्या घरावर, म्हणजे क्लबवर, कसोशीने केलेले अभ्यास थोडेच आहेत, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या घरचाही एक पुरावा आहे. पर्वरीच्या ‘संगात’ या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के मद्यापासून दूर होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत 18 टक्के. हे लोक घातक प्रमाणात पिणारे होते, पूर्ण व्यसनाधीन नव्हे. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा पुनर्वसित माणसाला लावता येणार नाही. परंतु पांढऱ्या कोटावाचूनचा माणूस गावच्या खोलीत बसून उपयोगी पडू शकतो, एवढे त्यातून नि:संशय दिसते.

मग अडते कुठे? सरकारी योजनांत एकात्मिक पुनर्वसन केंद्रे आहेत, संपर्क केंद्रे आहेत, 14446 ही मदतवाहिनी आहे. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना आपल्या व्याख्येत घेतले. समाजात राहण्याचा हक्क कलम 19 मध्ये मान्य केला आणि त्यासाठी समाजाधारित व्यवस्था उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पण अनुदान खाटांच्या संख्येवर मोजले जाते. खाट मोजता येते, छायाचित्रात येते, उद्घाटनाला उपयोगी पडते. चहा पीत कॅरम खेळणारे चार माणसे कोणत्या रकान्यात भरायची?

दुसरी अडचण आपल्या लहानपणाची आहे. अनामिकता हा या चळवळींचा कणा. न्यूयॉर्कमध्ये नाव लपते. डिचोलीत किंवा काणकोणात दाराबाहेर उभी असलेली दुचाकीच कुणाची ते सांगते. सभा चर्चच्या आवारात भरते म्हणून हिंदू घरातील माणूस बिचकतो, आणि देवळाच्या सभागृहात भरवली तर ख्रिस्ती घरातील बिचकेल. स्त्रियांचा प्रश्न तर आणखी अवघड. पिणाऱ्या पुरुषाला समाज हसतो, पिणाऱ्या स्त्रीला तो क्षमाच करत नाही. पुरुषांनी भरलेल्या खोलीत ती पाऊल टाकणार नाही. तिच्यासाठी वेगळी वेळ, शक्यतो वेगळी जागा, सुरुवातीपासूनच ठेवावी लागेल. अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध घेणाऱ्यांना ‘तू अजून गोळ्या घेतोस’ म्हणून हिणवणारे लोक अशा गटांत कधीकधी निघतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. आणि मद्यविक्रेत्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून देऊ केलेल्या पंख्यांचे काय करायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरवलेले बरे.

तरीही गोमंतकीयाला क्लब ही गोष्ट परकी नाही. मुंबईत धोबीतलाव, गिरगाव भागात गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडी’ आठवाव्यात. जहाजाची वाट पाहणारा खलाशी, नोकरी शोधणारा आचारी तेथे नाममात्र भाड्यात राहत असे. पेटी ठेवायला कोपरा, संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स आणि मोडले तर बाहेर काढणारे कडक नियम. दोन आयुष्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसासाठी त्या शहरात गावाने धरलेली ती जागा होती. उपचार घेऊन परतलेला माणूसही असाच मध्ये अडकलेला असतो, फक्त तो परगावी नसून स्वतःच्याच वाड्यावर असतो.

नवी इमारत कुणी मागत नाही. गोव्यातील बहुतेक पंचायतींकडे सभागृह आहे आणि लग्नसराई सोडली तर ते संध्याकाळी कुलूपबंदच असते. बांबोळीच्या मनोविकार संस्थेतून घरी सोडताना रुग्णाच्या हाती जो कागद दिला जातो, त्यावर पुढील तपासणीच्या तारखेबरोबर जवळच्या अशा खोलीचा पत्ता आणि उघडण्याची वेळ छापता येईल. खर्चात वीजबिल, चहा-साखर आणि संगातच्या धर्तीवर प्रशिक्षण दिलेल्या एका स्थानिक माणसाचे मानधन. त्यासाठी आधी एखाद्या पंचायतीने ठराव घ्यावा लागेल आणि त्यात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत किल्ली कुणाकडे राहील, त्याचे नाव लिहावे लागेल.