उतारा कुठला?

गेल्या रविवारी सकाळी शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्या दारात उभी. १९८२ च्या गिरणी संपावर ती पीएच.डी. करते आहे. मार्गदर्शक बाईंनी तिच्या एका उताऱ्यापुढे लाल पेनाने ‘कुठला?’ एवढेच लिहिले होते. तीन दिवस शोधूनही तिला तो सापडेना. काढून टाकावा, तर अख्खे प्रकरण त्यावरच उभे! ठेवावा, तर उसनवारीचा ठपका. २०१८ च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंधाची तशी तपासणी होतेच.

आम्ही तिचे फोल्डर पाहिले. शोधगंगेवरचे पाच प्रबंध तिने उतरवून घेतलेले. तिथे प्रबंध प्रकरणवार मिळतात, त्यामुळे ‘०७_चॅप्टर २’ अशा सारख्याच नावांच्या फायलींची गर्दी. शिवाय मोबाइलमध्ये वाचनालयातल्या पानांचे चारेकशे फोटो.

आम्ही जन्माचे कारकून. कागद आला की आधी आवक नोंद, मग वाचन.

“काका, माझ्याकडे आवक रजिस्टरच नाही हो!”

रजिस्टर आहे, पोरी, आणि फुकट आहे. झोटेरो त्याचे नाव. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने ते २००६ साली काढले. पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की बहुतेक वेळा नाव, लेखक, साल आपोआप भरते. जुन्या मराठी पुस्तकांना तो नंबरच नसतो. तिथे सारे हाताने भरावे लागते. शोधगंगेच्या प्रकरणांचेही तेच. लेखकाचे आडनाव एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत लिहिले, तर एकाच माणसाचे दोन होतात. आमच्या कचेरीत याच कारणाने एकाची पेन्शन अडली होती, पण ते असो.

नोंदीखाली टिपण जोडता येते. दुसऱ्याचे वाक्य अवतरण चिन्हात, पुढे पान नंबर. आपले मत वेगळ्या ओळीत, ‘माझे’ असे लिहून. एवढे मात्र यंत्र करीत नाही. निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लाकडी खणांत ठेवल्या होत्या, तेही नंबर घालून. संगणकाविना!

फायलींसाठी झोटेरोच्या सर्व्हरवर ३०० एमबी जागा फुकट आहे. नोंदी आणि टिपणे त्यात मोजत नाहीत. पण त्यावर विसंबू नये. घरी नोंद पुसली की पुढच्या जुळणीत तिकडचीही पुसली जाते. म्हणून महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर काढावी आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवावी. तिची आता आमच्या कपाटात आहे.

संध्याकाळी पाचला उतारा सापडला, फोटो क्रमांक २१६ मध्ये. पान ११३, स्वच्छ दिसते. मुखपृष्ठाचा फोटो मात्र तिने काढलाच नव्हता. आता वाचनालयात जाऊन त्या कपाटातली पुस्तके एकेक उघडून पान ११३ पाहायचे. शनिवारी आम्हीही जाणार आहोत.