लोह जरा जास्तच!

ऑफिसच्या ब्लड डोनेशन कॅम्पमध्ये तुम्ही दिलेली बॅग कदाचित थॅलेसेमिया झालेल्या एखाद्या मुलाला चढते. तिच्यात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं आणि शरीर रोज बाहेर टाकतं जेमतेम १-२ मिलिग्रॅम! उरलेलं हृदयात, लिव्हरमध्ये साठतं, फ्री रॅडिकल्स तयार करतं (हो, फेसक्रीमच्या जाहिरातीतले तेच!) आणि पेशींची वाट लावतं. त्यावर उपाय चिलेटर्सचा. ही औषधं लोहाला पकडून बाहेर नेतात. जुनं डेसफेरिऑक्सामिन म्हणजे कातडीखाली सुई आणि रात्रभर पंप. १९९०च्या दशकात भारतात डेफेरिप्रोनची गोळी आली, तेव्हा कुठे काहींची सुई सुटली. पण नव्या पेशी बनायलाही लोह लागतंच ना! डेसफेरिऑक्सामिनचा डोस जास्त झाला, तर मुलाची उंची खुंटू शकते. म्हणून तर दर तीनेक महिन्यांनी फेरिटिनची टेस्ट.