आधी जखम धुवा, मग जाब विचारा

मैदानावर पडलेले मूल कार्यालयात आले की त्याला गुडघ्यापेक्षा दुसरीच काळजी असते : "सर, घरी सांगू नका." काही घरांत आधी धपाटा, मग चौकशी. (बाप म्हणून आम्हीही हेच केले आहे.) आमच्या मते ही भीती जखमेहून घातक आहे.

पालकांनो, खरचटले तर वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा. आपल्या तंबाखूच्या मुलखात जखमेवर चिमूट दाबणारे आजोबा अजून भेटतात, ते नको. भाजले तर २० मिनिटे नळाखाली धरा, टूथपेस्ट लावू नका. ५-६, १० व १६ व्या वर्षीची धनुर्वाताची लस राहिली आहे का, कार्डावर पाहा.

कुत्र्याचा ओरखडा मात्र किरकोळ समजू नये. १५ मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर सहसा कोणी वाचत नाही.

गेल्या पावसाळ्यात पहिलीतल्या एका मुलाने असा ओरखडा तीन दिवस मोज्याखाली लपवला होता. आईने न ओरडता विचारले, तेव्हा त्याने मोजा उतरवला. लस त्याच संध्याकाळी सुरू झाली.