हे शिक्षण वैनगंगेकाठी हवे

१३ ऑक्टोबर हा आपत्तींचा धोका कमी करण्यासाठी जगभर पाळला जाणारा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी १९८९मध्ये तो सुरू केला. आपल्याकडे तो शाळांतल्या रंगीत तालमींनी आणि शपथेने साजरा होतो. गोंदिया जिल्ह्यात याच दिवसांत हलके धान कापणीला आलेले असते आणि शेतकऱ्याचे सारे लक्ष परतीच्या पावसाकडे असते. बांधीत पसरलेल्या कापलेल्या धानाच्या कडपा दोन दिवस भिजत राहिल्या की लोंबीतच धानाला कोंब फुटतात आणि हंगामाची कमाई हातची जाते. त्याआधी ऑगस्टमध्ये पूर, रोवणीच्या दिवसांत वीज, उन्हाळ्यात वणवा. एप्रिल २०२१मध्ये नागझिऱ्यातली आग विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. इथली आपत्ती अशी ऋतूंच्या क्रमाने येते. जे क्रमाने येते त्याचा अभ्यास करता येतो, आणि तो पदव्युत्तर पातळीवर, याच भागात व्हायला हवा.

२०२०च्या ऑगस्टअखेरचा पूर आठवून पाहा. पाऊस मध्य प्रदेशात कोसळला. शिवनी जिल्ह्यातल्या भीमगडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले, ते पाणी बालाघाटवरून गोंदिया आणि तिरोडा तालुक्यांच्या काठाला लागले. पुढे भंडारा शहरात शिरले, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्यावर ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडची गावे वेढली गेली. वैनगंगा या एकाच नदीचे पाणी दोन राज्ये आणि अनेक जिल्हे ओलांडत गेले. त्याचा निरोप मात्र दर हद्दीवर नव्या कचेरीतून, नव्या टेबलावरून पुढे जायचा होता. भीमगडहून सुटलेले पाणी काठावरच्या डांगोर्लीला किती तासांत पोहोचते? त्याच वेळी पुजारीटोला आणि कालीसराड धरणांतून बाघ नदीत विसर्ग सुरू असेल तर पातळी कुठवर चढते? कोणत्या वस्तीचा रस्ता आधी बुडतो, तिथे खाटेवरचे म्हातारे माणूस किती, बाळंतीण किती? या प्रश्नांची उत्तरे शोधायला एका विद्यार्थ्याला दोन वर्षे लागतील. ती दोन वर्षे कोणी तरी द्यायला हवीत.

अशा अभ्यासाने काय घडू शकते याचे उदाहरण जगासमोर आहे. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलाच्या अभ्यासकाने शिकागो विद्यापीठात पुरांवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, तो १९४५मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत तेव्हा पुरावरचा उपाय म्हणजे धरण आणि बांध एवढाच समज होता. व्हाइट यांनी दाखवून दिले की पाणी निसर्ग आणतो, पण नुकसान किती व्हायचे ते माणूस कुठे आणि कसा वसतो यावर ठरते. पुढे पूररेषा आणि पूरविमा यांचा विचार त्याच दिशेने गेला. एका संशोधक विद्यार्थ्याच्या प्रबंधातून हे घडले.

महाराष्ट्राला आपत्ती व्यवस्थापनाचे महत्त्व ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाने शिकवले. त्यानंतर जिल्हावार आराखडे आले, २००५मध्ये केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे स्थापन झाली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, आणि ते चांगले आहे. पुण्यात यशदात अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळते. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५०च्या दशकापासून आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही तिथेच आहे. म्हणजे गोंदियापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर बचावकार्य शिकवणाऱ्या देशातल्या अव्वल संस्था आहेत. पण बचाव ही शेवटची पायरी झाली. आधीचे नियोजन, म्हणजे जमिनीचा वापर, तलावांची निगा, इशाऱ्याची वाट, पिकाचा विमा, हे इथल्या मुलामुलींनी कुठे शिकायचे? आमगावची किंवा सालेकसाची मुलगी भूगोलात पदवी घेते, तेव्हा तिच्यासमोर मुंबईचा खर्च किंवा दूरस्थ शिक्षणाची पुस्तके एवढेच पर्याय उरतात.

शिवाय इथे शिकवण्यासारखे पुष्कळ आहे, तेही इथल्याच लोकांकडे. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, कोहळी समाजाने बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. एका तलावाचे जादा पाणी सांडव्यातून खालच्या तलावात, तिथून बोडीत, तिथून बांधीत. अतिवृष्टीचे पाणी अडवून दुष्काळी महिन्यांसाठी राखण्याची ही रचना आहे. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, अनेकांत गाळ साचला, पोटात अतिक्रमणे झाली. गाळाने भरलेला तलाव पुराचे पाणी किती कमी धरतो, याचे मोजमाप गावागणिक झाले पाहिजे. ते करायला अभियंत्याइतकाच तलावाचे पाणी वाटून देणारा जुना पाणकर हवा, आणि त्याच्याकडून शिकण्याची तयारी असलेला विद्यार्थी हवा.

विजेचेही तसेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ ॲप तयार केले, वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगते. पण चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या हातात त्या वेळी मोबाईल नसतो. तो इशारा तिच्यापर्यंत भोंग्याने जावा, की कोतवालाने, की बांधावरच्या मुकादमाने, आणि उघड्या शिवारात तिने आसरा कुठे घ्यावा, हा संशोधनाचाच विषय आहे.

शिकून पुढे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याचे पद राज्यात वर्षानुवर्षे कंत्राटी तत्त्वावर भरले गेले. ज्याच्या मुदतीचा भरवसा नाही, त्याच्याकडून नदीची वीस वर्षांची नोंद कशी राहणार? शिक्षणाबरोबर कायम पदेही हवीत, आणि तालुक्यालाही हवीत.

वैनगंगेच्या या खोऱ्यात नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ काम करतात. दोघांनी मिळून या नदीवरचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम आखावा, त्याचे एक केंद्र गोंदियात ठेवावे आणि बालाघाट, शिवनीच्या विद्यार्थ्यांनाही त्यात जागा द्याव्यात. लोकप्रतिनिधींनी हा प्रस्ताव येत्या अधिवेशनात मांडावा.