बॅज तंत्रज्ञाला, रुग्णाला काय?

मामांच्या छातीचा सीटी स्कॅन होता, म्हणून गेल्या आठवड्यात वर्ध्यात एका सेंटरच्या बाकावर तासभर बसलो. शेजारी आर्वीकडच्या एक आजी, मांडीवर फिल्मांनी फुगलेली पिशवी. ‘‘आजी, एवढे फोटो कधी काढले?’’ ‘‘कोन मोजते बाबू, डाक्टर म्हनते तवा काढतो.’’

तंत्रज्ञ बाहेर आला. त्याच्या छातीवर टीएलडी बॅज होता. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या धरून ठेवतात आणि तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवल्या की उजळतात. त्या उजेडावरून डोस कळतो. बॅज चुकून मशीनच्या खोलीत खुंटीवर राहिला, तर अंगावर न पडलेले किरणही त्या माणसाच्या नावावर चढतात, इतकी ही नोंद काटेकोर. पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30च्या वर नाही, ही अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा.

रुग्णाला अशी मर्यादा नाही, आणि नसावीच. मर्यादा संपली म्हणून कॅन्सरच्या रुग्णाचा स्कॅन कोण अडवेल? पण मोजायला काय हरकत आहे?

स्कॅन संपला की सीटीच्या पडद्यावर किरणांच्या मात्रेचा, डीएलपी नावाचा आकडा येतो. मामांचा विचारला, तर तंत्रज्ञाने लगेच सांगितला: 412. मोठ्या माणसाच्या छातीसाठी त्याला 0.014 ने गुणायचं, म्हणजे पावणेसहा मिलिसिव्हर्टच्या आसपास. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. छातीच्या साध्या एक्स-रेत 0.1 सुद्धा नाही. हा अंदाज सर्वसाधारण शरीराचा आहे, मामांच्या देहाचा नेमका हिशेब नव्हे. त्यातून होणारा धोकाही थोडाच, म्हणून गरजेचा स्कॅन कुणी टाळू नये. लहान मुलांच्या बाबतीत मात्र जपायलाच हवं. त्यांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं.

मामांचा रिपोर्ट हातात आला. दोन पानं, पण 412 कुठेच नाही. मग मीच पेनाने पाकिटावर लिहिला.

सेवाग्राम आणि सावंगी, दोन वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या जिल्ह्यात आहेत. प्रत्येक सीटी रिपोर्टच्या तळाशी डीएलपी छापायची सुरुवात त्यांनी करावी, खासगी सेंटर मागोमाग येतील. नवं यंत्र लागत नाही, एक ओळ लागते. तोवर स्कॅन झाला की तुम्हीच विचारा आणि तारखेसह फाईलवर लिहून ठेवा, मुलांचा तर आधी.