कूळ एक, चुली निराळ्या

सिलिकॉनच्या एका कपचीवर गणक, स्मृति आणि बाहेरच्या जगाशीं व्यवहार करणारीं अंगें एकत्र आणिलीं, म्हणजे मायक्रोकंट्रोलर तयार होतो. यांपैकीं पुष्कळांचा गाभा 'आर्म' या १९९० सालीं केंब्रिज येथें स्थापन झालेल्या कंपनीनें आंखलेला असतो. निरनिराळे कारखानदार परवाना घेऊन त्याभोंवतीं आपापली चिप रचतात. गाभा एक, तेव्हां कोणाचीहि चिप घेतली तरी सारखेंच, अशी आमचीहि समजूत होती.

२०२१ सालच्या चिपांच्या टंचाईनें ती दूर केली. टाकी भरतांच पंप बंद करणारें एक यंत्र आमच्या पुतण्यानें घरीं बसविलें होतें. त्यांतील चिप जळाली, आणि तशीच दुसरी बाजारांत मिळेना. त्यानें दुसऱ्या कारखान्याची, त्याच गाभ्याची चिप आणिली. परंतु जुना प्रोग्रॅम तिजवर चालेना. तीन आठवडेपर्यंत आमच्या वृद्ध वहिनींना रोज पहाटे जिना चढून टाकी पाहावी लागली.

याचें कारण आमच्या भगिनी चटकन् ओळखतील. आडनांव एक असलें, तरी प्रत्येक घरीं मिठाची बरणी निराळ्या फडताळांत असते, आणि नवी सून पहिल्या दिवशीं चांचपडते. तद्वतच पिन, घड्याळ वा विद्युद्दाबमापक चालविणारे रजिस्टर प्रत्येक कारखानदार निराळ्या पत्त्यावर व निराळ्या पद्धतीनें मांडतो. गाभ्याची बेरीज-वजाबाकी तीच. घराची मांडणी मात्र वेगळी.

'कॉर्टेक्स-एम०' व 'एम०+' या अगदीं जवळच्या गाभ्यांच्या चार चिपा पाहूं. एसटीच्या 'एसटीएम३२एफ०३०एफ४' मध्यें १६ किलोबाइट फ्लॅश व ४ किलोबाइट रॅम आहे. मायक्रोचिपच्या 'सॅमडी२१' मालिकेंत हे आंकडे २५६ व ३२ पर्यंत जातात. रास्पबेरी पायच्या 'आरपी२०४०' मध्यें दोन गाभे व २६४ किलोबाइट रॅम आहे. परंतु प्रोग्रॅम सांठविण्यास आंत फ्लॅश नाहीं, ती चिप बाहेरून जोडावी लागते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची 'एमएसपीएम०सी११०४' अवघी १.३८ चौरस मिलिमीटरची मिळते. रॅम मात्र १ किलोबाइट.

यांत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच फोल होय. टाकीच्या यंत्रास चार किलोबाइटहि पुष्कळ झाले. गतीचा आंकडा पाहून भुलण्यापूर्वीं स्मृति पुरेशी आहे काय, पिना किती व किती व्होल्ट सोसणाऱ्या आहेत, माहितीपुस्तक सुबोध आहे काय आणि माल सहज मिळतो काय, हें पाहावें.

पुतण्यानें आतां पिनांशीं संबंध येणारा भाग एका स्वतंत्र फाइलींत ठेविला आहे. उद्यां तिसऱ्या घरची चिप आणावी लागली, तरी तेवढीच फाइल नव्यानें लिहावी लागेल. आणि वहिनींचा जिना बराचसा वांचेल, इतकी आम्हांस आशा आहे.